मुलींना अंगण मोकळे करा

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासिका मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने आम्हांस 'धम्म आणि आरोग्य' असा विषय दिला. विषय समुद्राएवढा आहे आणि वेळ दिला आहे अर्ध्या तासाचा. म्हणून आम्ही त्यातला एकच धागा धरणार आहोत. आपल्या वस्तीतल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुली, त्यांचे वाढते वजन आणि त्यांचा बंद पडलेला खेळ. कुणी म्हणेल, या विषयाला डॉक्टरीणबाई बोलवायच्या, गिरणीतल्या माणसाचे इथे काय काम? डॉक्टरीणबाईंनी औषधाचे जरूर सांगावे. आम्ही जागेचे सांगायला आलो आहोत. आमच्या मते हा रोग निम्म्याहून जास्त जागेचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जाड मुलीला हसण्यासाठी हे भाषण नाही. लग्नात, बारशात, पाण्याच्या रांगेत आपण सहज बोलून जातो, "काय गं, कुठल्या गिरणीचा आटा खातेस?" पोरगी हसते आणि दुसऱ्या दिवसापासून खाली उतरायची बंद होते. आज कुणी मागे वळून त्या मुलींकडे बघू नये, एवढी विनंती आहे.

आता हे बघा, आपल्या समाजात जाडपणाचा अर्थ वेगळा आहे. तो नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या आज्या हडकुळ्या होत्या त्या काही व्यायाम करून नव्हे, उपाशी राहून. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, रेशनचा लाल मिलो आणि कामावरची सुकडी खाल्ली, त्या आजीला नातीचे गाल भरलेले दिसले की डोळ्यांत पाणी येते. "पोरीने अंग धरलं" हे तिच्या तोंडी कौतुक असते. खात्यापित्या घरची दिसते म्हणून ती ताटात आणखी एक चमचा तूप घालते. त्या बाईला आम्ही दोष देणार नाही. तिच्या पोटाने जे पाहिले ते आमच्या वाट्याला आले नाही. पण उपाशी पिढीचे शरीर आणि भरल्या घरातले बसून खाणे, हे दोन एकत्र आले की काय होते, हे आता शास्त्राने शोधून काढले आहे, तेही आपल्या पुण्यातच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपले बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचे, तर इंग्लंडचे बाळ साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे आपले बाळ बारीक. पण मोजून पाहिले तर बारीक बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. वरून बारीक, आतून जाड. याच डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन सारखेच, दोघांचा बीएमआय २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. आम्हांला तर हे वाचून उपासमारीचा इतिहास हाडामांसात लिहिलेला दिसतो. म्हणून आपल्या मुलीचे वजन थोडेसे जरी वाढले तरी मधुमेह, रक्तदाब लवकर दार ठोठावतो. बारीक दिसणाऱ्या मुलीच्या आईनेही फार निर्धास्त राहू नये, हे त्यातच आले.

आणि दुसरे. वजन जास्त म्हणजे पोषण जास्त, असे नाही. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्त कमी निघाले. यांत सगळ्या काही किडकिडीत नसणार. वडापाव, चिप्सचे पाकीट, बाटलीतले गोड पाणी यांनी पोट भरते, वजन वाढते, पण रक्त वाढत नाही. ती मुलगी दोन जिने चढली की धापा टाकते आणि घरचे म्हणतात, जाड आहे ना, आळशी आहे. अहो, तिच्या अंगात रक्त नाही! तिला टोमणा नको, रक्ताची तपासणी पाहिजे. पालिकेच्या दवाखान्यात ती होते.

आता खेळाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडे-स्नायू बळकट होतील असे काही करावे. उड्या मारणे, पळणे, दोर ओढणे वगैरे. याच संघटनेने २०१९ मध्ये १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांचा हिशेब मांडला. तो २०१६ पर्यंतच्या माहितीवरचा आहे. १०० पैकी ८१ मुले पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलगे ७८, मुली ८५. आपल्या देशातल्या मुलींचा आकडा जगाच्या मानाने थोडा बरा निघाला. आम्हांला वाचून आनंद झाला. पण पुढे अहवालवाल्यांनी कारण दिले होते: इथल्या मुलींना घरकाम करावे लागते, त्यामुळे कदाचित असे असेल.

म्हणजे आपली पोरगी फरशी पुसते, भांडी घासते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरते, म्हणून ती 'हालचाल करणारी' ठरली. भाऊ क्रिकेट खेळून तिथे पोचला आणि बहीण त्याचे मळके कपडे धुऊन! घरकाम म्हणजे काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. बादली उचलायला ताकद लागते. पण त्यात तिचा स्वतःचा असा एक मिनिटही नसतो. खेळताना माणूस ओरडतो, भांडतो, हरतो, पुन्हा उठतो. केर काढताना यातले काय होते?

आमच्या पिढीला अंग हलवायला वेगळे ठिकाण शोधावे लागले नाही. साळखात्यात साच्यांच्या मधून आठ तास ये-जा करायची. वाइंडिंगच्या बाया पाळीभर उभ्या, घरी येऊन नळावरून पाणी आणायच्या. त्या कामाने कंबर मोडली, छातीत कापसाची धूळ भरली. त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण चाळ होती तेव्हा मुलींना चाळीचा चौक होता. लगोरी, लंगडी, दोरीच्या उड्या, ठिकऱ्या. सातवी-आठवीपर्यंत मुली दिवेलागणीपर्यंत खाली असायच्या. आता बैठी चाळ गेली, टॉवर आला. स्वतःचा संडास, नळाला पाणी, लिफ्ट आली. चांगलेच झाले, बायांचे हाल संपले. पण टॉवरखाली गाड्या लागतात आणि वॉचमन शिट्टी मारतो. मुलगे गल्लीत, नाक्यावर, पुलाखाली कुठे तरी जागा काढतात. मुलगी नाक्यावर उभी राहू शकत नाही. ती सतराव्या मजल्यावर मोबाईल घेऊन बसते.

इथे एक जुना हिशेब सांगणे भाग आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा एक नियम होता. गिरण्यांची जमीन बांधकामाला काढली तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे व्हायचे. एक वाटा महापालिकेला, मैदाने-बागा अशा मोकळ्या जागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. आणि एक मालकाला. मुंबईतली गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. तुम्हीच भागाकार करा. २००१ मध्ये हा नियम बदलला. आधीपासून जी जमीन रिकामी पडून होती तेवढ्याचीच वाटणी करायची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन धरायची नाही, असे झाले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो बदल टिकला. घरांसाठी आम्ही कामगारांनी मोर्चे काढले, ते सर्वांना माहीत आहे. पण त्या वाटणीत मैदानेही गेली, आणि मैदान गेले ते सगळ्यांत आधी मुलींचे गेले. भाषणात 'मुली आळशी झाल्या' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर बघावा.

जागेइतकीच दुसरी अडचण घरातली आहे. पाळी सुरू झाली की खेळ बंद. आई म्हणते, मोठी झालीस आता. या वयात मुलीच्या अंगावर थोडी चरबी येणे हा निसर्ग आहे, त्याला घाबरायचे कारण नाही. मोठ्या माणसांचा वजनाचा तक्ता तेरा वर्षांच्या मुलीला लावायचा नसतो. तिच्या वयाचा तक्ता वेगळा असतो, तो डॉक्टरांकडे मिळतो. पण नेमक्या याच वयात हाडे भरत असतात, आणि नेमक्या याच वयात आपण तिला बसवतो. पाळीच्या दिवसांत खेळले तर अपाय होतो, असे कुठल्या वैद्यकशास्त्रात नाही. पोटात दुखत असेल तर तिने बसावे, नसेल तर खेळावे. तिचे तिला कळते. उलट ज्यांची पाळी महिनोन्महिने पुढे जाते, ज्याला आता सगळे पीसीओडी म्हणतात, त्या मुलींना डॉक्टर पहिला सल्ला देतात तो खाणे सुधारण्याचा आणि रोज व्यायाम करण्याचा. आणि हो, १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण विटाळ नागपूरला सोडून आलो ना? मग अजून काही घरांत मुलीची चटई वेगळी का पडते?

तसेच आणखी एक. धम्मदीक्षेनंतर आपण गौरी-गणपती सोडले ते योग्यच केले. पण गौरीबरोबर झिम्मा-फुगडीही सोडून दिली! फुगडीला कुठला देव लागतो? दोन बाया आणि चार हात जागा लागते.

आता भगवंतांकडे येऊ. कोणी म्हणेल वजनाचा आणि धम्माचा काय संबंध? संयुक्त निकायात कोसल देशाच्या पसेनदी राजाची हकीकत आहे. राजा द्रोणभर भात खायचा. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला जाड म्हटले नाही, नरकाची भीती घातली नाही. जो जागेपणी मापात जेवतो त्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि जेवताना रोज म्हणायला सांगितली, त्याबद्दल रोज शंभर कार्षापण. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला, आणि स्वतःच्या अंगावरून हात फिरवून खूश झाला.

या गोष्टीत दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, राजाचे जेवण हळूहळू उतरले, एका दिवसात नाही. दुसरी, हा उपदेश पोटभर मिळणाऱ्या राजाला आहे. घरात शेवटी जेवणाऱ्या, भावाला अंडे आणि स्वतःला रस्सा घेणाऱ्या मुलीला हीच गाथा ऐकवू नका. तिला अंडे वाढा.

काही मुली आता दुसऱ्या टोकाला जातात. मोबाईलवर बघून 'डाएट' करतात, सकाळी लिंबूपाणी आणि रात्री काही नाही, आणि वर गच्चीत पळतात. त्यांना सोण भिक्खूची आठवण करून देतो. सोण श्रीमंताघरचा, तळपाय मऊ. साधनेच्या ईर्ष्येने तो इतके चालला की पाय फुटले, चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला विचारले, तू घरी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर सूर निघतो का? फार सैल ठेवली तर निघतो का? एवढेच. आणि विनयात पुढे अशी नोंद आहे की त्याच प्रसंगावरून भगवंतांनी भिक्खूंना पायात वहाणा घालायची परवानगी दिली. म्हणजे मध्यम मार्ग सांगून ते थांबले नाहीत, चपलेचाही बंदोबस्त केला. आपल्या मुली चपलेवर पळतात, पाय मुरगळतो, मग आठ दिवस घरी. कॅन्व्हासचा एक जोड मुलीलाही घ्या. मुलाला तर घेतलाच आहे.

चंक्रमणाचेही तसेच. अंगुत्तर निकायात चालण्याचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, उद्योगाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना लागलेली एकाग्रता जास्त टिकते. हे भिक्खूंना सांगितले खरे, पण पाय काही भिक्खूंनाच असतात असे नाही. वरच्या अभ्यासिकेत मुली चार-चार तास मान खाली घालून बसतात. त्यांनी तासाला दहा मिनिटे उठून चालले तर अभ्यास बुडत नाही, उलट हा पाचवा फायदा त्यांच्याच कामाचा आहे.

एक खरे तेही सांगतो, नाहीतर महिन्याने आमच्याकडे तक्रार येईल. खेळायला लागले म्हणून वजन लगेच उतरत नाही. एक वडापाव खाल्ला तर त्याच्या भरपाईला तासभर झपाझप चालावे लागते. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते. तेव्हा तोंडाकडेही बघावे लागेल. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत असले जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत असा देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तुमच्या शाळेच्या फाटकावर जाऊन ५० पावले मोजा, काय दिसते ते पाहा. पण काटा हलला नाही तरी खेळणाऱ्या मुलीचे हृदय सुधारते, रक्तातली साखर ताब्यात राहते, हाड घट्ट होते, झोप लागते, चिडचिड जाते. म्हणून आमचे ठाम म्हणणे आहे की विहारात वजनकाटा आणू नका. एका देणगीदाराने देऊ केला आहे, त्यांचे आभार, त्यांनी त्याऐवजी दोऱ्या द्याव्यात. काटा आला की रांग लागेल, आकडे वस्तीभर होतील आणि ज्या मुलीसाठी हे सगळे करायचे तीच पहिली येणे बंद करील.

आयांना आणखी एक सांगणे. "बारीक हो, नाहीतर स्थळ येणार नाही" हे वाक्य घरातून काढून टाका. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले होते. मुलीचे शरीर स्थळासाठी नाही. तिला उद्या पोलिसात भरती व्हायचे असेल, नर्स व्हायचे असेल, शंभर कामे आहेत, त्या सर्वांना दम लागतो. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर खो-खो खेळता खेळता धावायला लागली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. दुष्काळी गाव, पण पळायला माळ होता! धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या सगळ्या मुली अशा होणार नाहीत, व्हायला पाहिजेत असेही नाही. संध्याकाळी तास-दीड तास घाम यावा, एवढीच आमची मागणी आहे.

त्यासाठी जागा कुठे, हा प्रश्न उरतो. जागा इथेच आहे. आपण बसलो आहोत हे विहाराचे अंगण. आम्ही परवा टेप लावून मोजले. खो-खोच्या मैदानाला २७ बाय १६ मीटर लागतात, तेवढे नाही. पण बायांच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटर लागतात, ते बसतात आणि कडेने लंगडीपुरती जागा उरते. आज या अंगणात संध्याकाळी मुलगे बॉक्स क्रिकेट खेळतात. तीही आपलीच मुले, त्यांचा राग नाही. पण वर्गणी मुलींच्या आयाही देतात. तेव्हा सोमवार ते शनिवार साडेपाच ते सात मुलींचे. सातनंतर आणि रविवार सकाळ मुलांची. साखरपुड्याला अंगण भाड्याने द्यायचे असेल तर सातनंतर द्यावे. कोपऱ्यातला दिवा गेले कित्येक महिने बंद आहे, तो लागावा. मागचा संडास त्या वेळेत उघडा असावा आणि आत झाकणाची कचरापेटी असावी. कशासाठी, ते बायांना कळले.

लेझीम तर आपल्याकडे आहेच. १४ एप्रिलच्या आधी महिनाभर मुली रोज तालीम करतात, मिरवणुकीत तीन-तीन तास खेळतात, एकीलाही धाप लागत नाही. १५ तारखेला लेझीम पेटीत जाते ती पुढच्या मार्चला निघते. ती पेटी वर्षभर उघडी ठेवायला काय हरकत आहे?

मुलींना शिकवायला बाहेरून कोणी आणायची गरज नाही. आपल्याच वस्तीत शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलेल्या चार सुना आहेत. लग्नानंतर त्यांनी खेळ टाकला, पण पकड विसरल्या नसतील. त्या उतरल्या तर आणखी बरे. ज्येष्ठ उपासिकांनी कडेला खुर्च्या टाकून बसावे, म्हणजे फाटकावर उभे राहणारे आपोआप पांगतील. मुलींच्या अंगावर ओढणी आहे की नाही हे मात्र त्या वेळात बघू नये. ओढणी घेऊन कबड्डी खेळता येत नाही.

समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे. आम्ही अर्ज लिहून आणला आहे, खाली ३१ मुलींच्या सह्या आहेत. तो अध्यक्षांच्या हाती देतो. फाटकाची चावी सध्या सेक्रेटरींकडे असते आणि ते कामावरून रात्री नऊला येतात. म्हणून अर्जात शेवटी एक ओळ वाढवली आहे, की एक जादा चावी करून उपासिका संघाकडे द्यावी. चावीवाला स्टेशनबाहेर बसतो, त्याचे पैसे आम्ही देऊ.

नमो बुद्धाय, जयभीम.